कंप्लेंटचा माल

मी हेडफोन बोलतोय. आजवर लोकांच्या कानात दुसऱ्यांचीच गाणी ओतली, आज स्वतःचं सांगायला बसलोय, तेव्हा जरा कान इकडं करा. आणि आधीच सांगून ठेवतो, मी थोडी बढाई मारणार आहे. तेवढा हक्क मी कमावलाय.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला धड आठवत नाही. शुद्धीवर आलो तो गुलमंडीच्या बाजारात, अन्सारचाचांच्या दुकानात. माइक, कर्णे, वायरींची वेटोळी, आणि त्यात मी. रूप म्हणाल तर यथातथाच. काळा रंग, ना दिवा ना चकाकी. पण अंगात दोन गुण होते. एक, माझे दोन्ही कान पुढं-मागं फिरतात. दुसरा, माझी वायर माझ्यापासून वेगळी निघते.

या दुसऱ्या गुणानंच माझा घात केला. पहिल्याच गिऱ्हाईकानं मला घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी आणून काउंटरवर आपटलं. वायर हातात आली म्हणे. नवा माल म्हणून मोडका गळ्यात मारला, असं बरंच काय काय बोलला. अन्सारचाचा माणूस देवासारखा, पण त्यांची हयात जुने रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेली. वायर सुटली म्हणजे माल गेला, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. त्यांनी माझ्या खोक्यावर मार्करनं 'कंप्लेंट' असं लिहिलं आणि मला सगळ्यात वरच्या फळीवर टाकलं. काही न करता बदनाम झालो बघा.

वर्षभर वरून माणसं पाहिली. हेडफोन घ्यायला येतात, डोक्याला चढवतात, आवाज पार टोकाला नेतात, "लई वाजतोय" म्हणतात आणि लगेच आरशात बघतात. ऐकून घेणारा विरळाच. खालच्या फळीवरचे निळ्या दिव्यांचे, बिनवायरीचे भराभर खपायचे. मला वाटायचं, आपल्यात खरंच काहीतरी खोट असावी.

मग एका दुपारी संध्या आली. उस्मानपुऱ्यातली, वय एकवीस-बावीस, झेरॉक्सच्या दुकानात कामाला. तिच्या मामाचं, संघपालचं, साउंडचं काम. दोन वर्षं ती मामाबरोबर कार्यक्रमांना जायची, वायरी गुंडाळायची, स्पीकर पुसायची. एका गाण्याला दुसरं गाणं जोडायला मात्र मामा देत नव्हता. त्याला कारण होतं. मागं एका बारशात तिनं मैत्रिणीचा बिनवायरीचा हेडफोन लावून गाणं जोडलं होतं. त्यात आवाज पापणी लवायच्या अंतरानं उशिरा यायचा, त्यामुळं ठेका चुकला, नाचणाऱ्या बाया जागीच थबकल्या आणि मामाचं तोंड काळवंडलं. आता खुलताबादला एक हळद होती. मामा म्हणाला होता, स्वतःचा हेडफोन आण, ही एक हळद तुझी. बिघडली, तर पुन्हा वायरी गुंडाळायच्या.

पर्समध्ये पैसे बेताचेच होते. चाचांनी आपले निळ्या दिव्यांचे लाडके पुढं केले. त्यातला एक कानाला लावून तिनं फोनवर टिचकी मारली, ऐकलं आणि तो हेडफोन खाली ठेवला. उशीर. दुसरा दणदणीत वाजायचा, पण त्याचे कान जाम, एक काढावा तर दुसराही निसटायचा. मग तिची नजर वर गेली आणि ती म्हणाली, तो काय आहे?

"बेटा, उसका वायर निकल जाता. कंप्लेंट का माल है, मैं झूट नै बोलता," चाचा म्हणाले.

तिनं तरी मला खाली घेतलं. ओढणीनं धूळ पुसली. वायर ओढून काढली, पुन्हा खोचली, पुन्हा काढली. मग मला फोनला जोडलं, माझा एक कान स्वतःच्या कानावर ठेवला, दुसरा मागं फिरवला आणि दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली. बाहेर कापडवाल्याचा भोंगा सेल-सेल ओरडत होता. या कानात माझं गाणं, त्या कानात भोंगा. दोन्ही वेगवेगळं, स्वच्छ. ती हसायला लागली.

"चाचा, निघते म्हणूनच पाहिजे. उद्या तुटली तर वायर बदलीन, हेडफोन नाय."

चाचा माझ्याकडं असे बघत राहिले, जणू पहिल्यांदाच बघतायत. खोक्यावरचं 'कंप्लेंट' खोडायला निघाले, तर संध्यानं खोडू दिलं नाही. मला तर तेव्हाच रडू फुटलं असतं, पण आमच्या जातीला ती सोय नाही.

आता खुलताबाद. शिवराज नावाच्या मुलाची हळद, अंगणात मांडव. मुलाचे चुलते काकासाहेब फाटकाशी उभे. आमच्याकडं डीजे म्हणजे माणूस नव्हे, डीजे म्हणजे गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत. संध्या गळ्यात मला अडकवून पुढं गेली, तर ते तिच्या मागं रस्त्याकडं बघत म्हणाले, डीजे आला का? ती म्हणाली, मीच डीजे. ते म्हणाले, तू व्हय, पण डीजे कुठंय? संघपालनं टेम्पोकडं बोट केलं तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. संध्यानं मला गळ्याशी घट्ट धरलं आणि ती टेबल मांडायला निघाली.

सुरुवात छान झाली. एक कान मांडवाचा, एक माझा. पुढचं गाणं मी तिला आधीच ऐकवायचो, ती ठेका जुळवायची आणि बाया न थांबता या गाण्यातून त्या गाण्यात नाचत जायच्या. नवरदेवाची आत्या, गोजरबाई, साठीची बाई, सगळ्यांना मागं सारून नाचत होती. नाचता नाचता ती आमच्या टेबलापाशी आली आणि तिचा पाय माझ्या वायरीत अडकला.

झटका असा बसला की मला वाटलं, संपलो. जोडून टाकलेली वायर असती तर तुटली असती, नाहीतर टेबलावरचं गाणी जोडायचं यंत्र खाली आलं असतं. माझी नुसती निघाली. पण मी मुका झालो आणि वाजणारं गाणं संपायला अर्धं मिनिटही नव्हतं. संघपाल धावत आला, हात पुढं केला.

"मामा, थांबा," संध्या म्हणाली.

तिनं खाली वाकून वायर उचलली, खोचली, मला कानाला दाबलं. मी जीव तोडून वाजलो. नवं गाणं ठेक्यावर ठेका बसवून आत शिरलं आणि मांडवात कुणाला कळलंसुद्धा नाही. गोजरबाईला तर नाहीच नाही. कुणाला न कळणं, हेच आमच्या धंद्यात शाबासकी. मामानं पुढं केलेला हात मागं घेतला आणि तो गुपचूप जमिनीवरची वायर टेबलाखाली सारून गुंडाळायला बसला.

हळद लावून झाल्यावर गोजरबाईनं संध्याचे गाल हळदीच्या हातांनी कुरवाळले. थोडी माझ्या डाव्या कानालाही लागली. मग पंगत बसली. आम्ही सामान आवरत होतो. काकासाहेब वाढप्यांवर लक्ष ठेवत फिरत होते. ते आमच्यापाशी थांबले, यंत्राकडं बघितलं, संध्याकडं बघितलं आणि आत वळून त्यांनी बायकोला आवाज दिला, "अगं लक्ष्मी, डीजे जेवली का बघ."

आला नव्हे, वाजला नव्हे. जेवली. संध्यानं घाईघाईनं तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. मी तिच्या गळ्यातच होतो, मला सगळं कळलं.

याला आता तीन वर्षं झाली. माझ्या कानांच्या गाद्या फाटल्या, तर तिच्या आईनं, चतुराबाईंनी, जुन्या सुती साडीचे अभ्रे शिवून दिले. वायर दोनदा बदलली, मी तोच आहे. हळदीचा डाग गेलेला नाही, तिनं जाऊ दिलेला नाही. आताशा नवशिकी पोरंपोरी तिला विचारायला येतात, पहिला हेडफोन कोणता घ्यावा. ती मला गळ्यातून काढून त्यांच्या हातात देते आणि म्हणते, वायर ओढून बघा.

तुमच्याकडं एवढंच मागणं. कधी एखाद्या मांडवात गळ्यात पिवळ्या डागाचा काळा हेडफोन घातलेली पोरगी दिसली, तर तिला डीजे कुठंय म्हणून विचारू नका. जेवली का, तेवढं विचारा.