दगडाच्या झाडाला पाणी

"अहो, हे काय करून ठेवलंत छबूबाई!" साहेबांनी कुंडीतला दगड बोटानं दाबला, तर तो पिकल्या चिकूसारखा फुटून बोटालाच चिकटला.

छबूबाई तोंडाला पदर लावून उभी होती. काय सांगणार, कप्पाळ!

साहेबांच्या बंगल्यामागं काचघर होतं आणि त्यात देशोदेशीची झाडं. एक झाड चक्क माशा खायचं. छबूबाई त्याला लांबूनच पाणी घालायची. एकाच्या फुलाला मेलेल्या उंदराचा वास यायचा आणि साहेब ते नाकाशी धरून खूश व्हायचे. पण त्यांचा खरा जीव होता आफ्रिकेहून बोटीनं आलेल्या या दगडांवर. दिसायला ओढ्यातले गोटे, पण होती झाडं. मधल्या भेगेतून पिवळं फूल येतं म्हणे. यंदा ते येणारच, असं साहेबांच्या मनानं घेतलं होतं.

छबूबाईला फुलांचं काही नव्हतं. तिला विहीर हवी होती. चौपन्न-पंचावन्न साली पिंपरीला कारखाने आले, त्यात तिचं शेत गेलं, आणि मारुतरावानं, तिच्या नवऱ्यानं, स्वतः कातळ फोडून काढलेली विहीर बंगल्याच्या कुंपणाआड गेली. मारुतराव तर त्याआधीच गेला होता. झाडांना पाणी घालायचं हे काम होतं म्हणून रोज फाटकातून आत यायला मिळे. गुडघे दुखत, कंबर धरे, रहाट ओढताना डोळ्यांपुढं अंधारी येई. तरी बाई यायचीच. कुणी कीव केली तर फटकारायची, "माज्या धन्याचं पाणी हाय ते!"

महाबळेश्वरला जाताना साहेब बजावून गेले होते, "या कुंडीला उन्हाळ्यात थेंबभरही पाणी नको. ती झाडं तेव्हा झोपलेली असतात."

"बरं साहेब," म्हणाली होती ती.

पण वैशाख तापला आणि दगडांना सुरकुत्या पडल्या. शेवटच्या दुखण्यात मारुतरावाचे ओठ असेच झाले होते. तिच्यानं बघवेना. वैशाखात देवळात पिंडीवर, दारात तुळशीवर मडकं टांगायचं. तळाला भोक, भोकात वात, थेंब थेंब पाणी. या महिन्यात कुणाला तहानलेलं ठेवू नये, एवढं आईनं तिला शिकवलं होतं. शिवाय झाड मेलं तर काम जाईल, ही धास्ती होतीच. तिनं आपल्या तुळशीवरचं मडकं काढून आणलं आणि कुंडीवर टांगलं. दोन दिवसांत दगड टरारून फुगले. केवढी हरखली बिचारी! मग ते तडकले. मग घाण सुटली.

"सांगितलं होतं ना मी?" साहेबांचा आवाज आता खाली आला होता.

"व्हय."

"मग?"

"तहानल्यावानी दिसत व्हतं, साहेब. राहावलं न्हाई."

साहेबांनी रुमालाला हात पुसला. "उद्यापासून येऊ नका, छबूबाई. आणि ते मडकं घेऊन जा."

ती रडली नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं. मडकं सोडवलं, भिजलेली वात कनवटीला लावली आणि ती विहिरीवर गेली. पोहरा ओढून मडकं काठोकाठ भरलं आणि खालच्या भोकाला बोट दाबून धरलं.

फाटकावरचा राखणदार सोपानराव म्हणाला, "अगं, मडकं गळतंय की तुजं!"

"गळू दे बाबा. घरापतुर पुरंल."

भर उन्हात गावापर्यंत तिनं बोट काही हलवलं नाही. दारातल्या तुळशीनं मान टाकली होती. इतके दिवस परक्या झाडांच्या नादात हिच्याकडं बघायचंच राहिलं होतं. तिनं वात बसवली, मडकं टांगलं आणि ओट्यावर टेकली. मारुतरावाच्या विहिरीचा पहिला थेंब पडला.

शेजारणीनं जेवायला हाक मारली. मडक्यात पाणी होतं तोवर छबूबाई काही उठली नाही.