हळदीतली फर्माईश

गास गावात निधीची हळद होती. धवले ही लग्नगीतं गाणारी जिजाआजी तिच्या हाताला हळद लावत असतानाच डीजेवाला ओरडला, “पुढचं गाणं भूपेशभाईकडून, खास निधीसाठी!”

‘नाही म्हणालीस तर उचलून नेईन,’ गाणं दणाणलं. मावश्या नाचू लागल्या.

“आजी, मी त्याला दोनदा नाही म्हटलंय,” निधी पुटपुटली.

“गाणंच आहे गं,” तिची आई हसली.

जिजाआजीने हळदीची वाटी खाली ठेवली. धवल्यात नवरीसोबत नाव गुंफायचं ते नवऱ्याचं, आणि हा नवरा नव्हता.

“हसतेस काय, बाय? पोरगी दोनदा नाय म्हनलीय त्याला!” मग ती निधीच्या बापावर ओरडली, “काळूराम, वायर काढ!”

गाणं बंद पडलं. मांडवाच्या तोंडाशी उभा भूपेश मात्र तीच ओळ शांतपणे म्हणत राहिला.