कापूर दुसऱ्या पायावर

देवमन महाराजांनी सुभद्राच्या उजव्या पावलावर कापूर पेटवला आणि मांडवभर माणसं माना उंचावून पाहायला लागली. ज्योत कातडीला चाटतेय आणि ही बाई हात जोडून शांत बसलेली! महाराज गरजले, की पानवेलीची माय हिच्या पायात येऊन बसली आहे, तिच्याच भारानं पाऊल लोंबतं, आणि देवी असते तिथं विस्तव पोळत नाही. बायका धावत येऊन सुभद्राच्या पाया पडल्या. कापराची पुडी घेऊन आलेला तिचा नवरा सूर्यभान तर अगदी भरून पावला.

अंजनगाव सुर्जीच्या शिवारात त्याचा पानमळा. वेल म्हणजे देवी, मळ्यात अनवाणीच शिरायचं, हा तिथला बापजाद्यांचा रिवाज. इथंच घात झाला. एरवी बधिर पायातून चप्पल निसटली असती, कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. सुभद्रा दिवसभर मळ्यात, अनवाणीच. पुढं पाऊल उचलेना, बोटं जमिनीला घासायला लागली, तेव्हा सूर्यभाननं दवाखाना सोडून महाराजांचा मांडव गाठला. मग दर गुरुवारी कापूर. पावलावर जखम चिघळली, तर महाराज म्हणाले, ही देवीची खूण.

लेक अपेक्षा अमरावतीला नर्सिंग शिकते. सुटीत आली आणि तिनं ती जखम पाहिली. मायला डोळे मिटायला लावून तिनं दोन्ही पावलांवरून कापूस फिरवला. डाव्या पायाचा स्पर्श मायला लगेच कळला. उजव्याचा कळलाच नाही.

पुढच्या गुरुवारी ती मांडवात उभी राहिली.

"महाराज, आज कापूर मायच्या डाव्या पायावर ठेवा. देवी अंगात असन, तर दोनी पायात असन."

महाराजांना एकाएकी ग्रह आठवले, मुहूर्त आठवला, देवी उजवीकडेच बसते हेही आठवलं. पण सुभद्राची श्रद्धा खरी होती हो! तिनं स्वतःच डावा पाय पुढं केला आणि पेटता कापूर त्यावर ठेवून घेतला. दुसऱ्याच क्षणी किंचाळून पाय झटकला. ती दोन्ही पावलांकडे पाहत राहिली.

"मंग देवी नोयतीच का वं, अपेक्षा?"

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला चाचपलं. तिथली नस सुजून जाड झाली होती. पाऊल लुळं पडायला कारणं पुष्कळ असतात, त्यांनी समजावलं: कमरेत दबलेली नस, रक्तात वाढलेली साखर, तासन्‌तास उकिडवं बसणं. पण पाय बधिर आणि नस जाड, म्हणजे हिला कुष्ठरोग होता. जंतूंचा आजार, गोळ्यांनी बरा होणारा, गोळ्याही फुकट. पण भाजून भाजून जखम हाडापर्यंत गेली होती, दोन बोटं काढावी लागली. लवकर आणलं असतं तर पाऊल उचलायला लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता आशा थोडीच.

सुभद्रा आता पाय ओढत मळ्यात येते. पट्ट्याची चप्पल सूर्यभान स्वतः तिच्या पायात चढवतो, आणि चपलेसकट तिला वेलीपाशी नेतो. म्हातारे नाक मुरडतात. त्यांना तो एकच सांगतो.

"पाय बधिर झाला, उचलेनासा झाला, तर आधी दवाखान्यात जा. माह्या बायकोच्या पायात देवी नोयती, बिमारी होती. आन् मी तिले दर गुरुवारी जाळून राहिलो होतो."