नवे टायर मागे

माझ्या मुलाचा उजवा हात मी मोडला. चाकाच्या पान्यानं, मनगटावर, एकाच घावात. कुणी विचारलं तर ‘पडला’ असं मी सांगत नाही. पडले, धडकले, दार लागलं, ही कारणं आमच्या घरात वापरून वापरून झिजली आहेत, आणि तीही सगळी सुनेनंच वापरलेली.

टायरचं दुकान माझं आहे. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणसाचं काम नाही, विकून टाका. मी हातात पाना घेतला. माझ्या जिभेला हाड नाही आणि गिऱ्हाइकाला मी देव मानत नाही, तरी लोक माझ्याकडेच येतात, कारण मी बसवलेलं चाक वाटेत दगा देत नाही.

त्या दिवशी सकाळी मुलगा त्याची मोठी गाडी घेऊन आला. वरून आरशासारखी चकचकीत, पुढचे दोन टायर मात्र टकलासारखे गुळगुळीत. मागच्या सीटवर सून आणि नात. नात एरवी गाडी थांबायच्या आत दार उघडून ‘आजी’ म्हणून गळ्यात पडते. त्या दिवशी काचेला नाक लावून नुसती बसून राहिली.

“दोन नवे टाक,” मुलगा म्हणाला. “पटकन. दुपारी डोंगरातून जायचंय.”

त्यानं स्वतःच एक जोडी निवडली. खोल खाचांची, रुबाबदार. ती मी परत पाठवायला बाजूला काढली होती. टायरच्या कडेला तो कधी बनला ते लिहिलेलं असतं, किती वजन पेलतो तेही. ही जोडी रॅकवर वाळून जुनी झालेली, शिवाय एवढ्या जड गाडीचा भार तिला झेपला नसता.

“ती नुसती दिसायला बरी आहे,” मी म्हणाले, “तुझ्यासारखी.”

तो हसला नाही. नाकावर राग लहानपणापासूनच, वाटलं होतं वयानं उतरेल. मी ताजी, भार पेलणारी जोडी काढली आणि सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं. माणसं आत असताना मी गाडी उचलत नाही.

सून उतरली ती एका पायावर भार देत. शर्टाची कॉलर तिनं वर केली होती, तरी गळ्यावरचे बोटांचे वळ दिसलेच. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी तिच्याकडे पाहिलं, तिनं खाली पाहिलं.

चारही चाकं काढली. मागचे टायर अर्धे शिल्लक होते. ते मी पुढे घ्यायला लागले, तसा मुलगा ओरडला.

“नवे पुढे लाव! स्टिअरिंग पुढच्या चाकांना असतं. चालवतो मी.”

“पुढची चाकं घसरली तर तुला हातात कळतं, वेग कमी करून सावरता येतं. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, मग तू काय, कुणीच सावरू शकत नाही. नवे मागे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.”

“मला शिकवू नकोस. पुढे लाव म्हटलं ना!”

पालथ्या घड्यावर पाणी. मी पुढचं बोलणार तेवढ्यात सून म्हणाली, “आई सांगतायत तसं करू द्या ना. परवा ओल्या रस्त्यावर गाडी मागून फिरलीच होती. पिल्लू माझ्या अंगावर आपटलं.”

त्यानं तिच्या तोंडात मारली. एवढ्या जोरात की तिचं डोकं रॅकच्या लोखंडावर आपटलं आणि भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. ती ओरडलीसुद्धा नाही. मी नातीकडे पाहिलं. तीही रडत नव्हती. टायरच्या ढिगामागे बसून तिनं दोन्ही हातांनी कान झाकले होते, सवयीनं, जसं एखादं मूल जेवायच्या आधी हात धुतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सोड तिला.”

त्यानं तिचे केस धरले आणि दुसऱ्या हातानं टायर काढायची लोखंडी पट्टी उचलली. “घरातलं बाहेर सांगतेस?” तो म्हणाला. बाहेर म्हणजे मी. त्याची आई.

पट्टी वर गेली आणि मी पाना घातला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. पट्टी खाली पडली. तो गुरासारखा ओरडला आणि खांदा खाली घालून माझ्यावर आला. मी तोंडावर आपटले. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. माझा दात खरोखरच पडला. त्यानं माझ्या बरगडीत लाथ घातली. दुसरी घालायच्या आत मी त्याच्या गुडघ्यावर पाना हाणला, तसा तो खाली बसला, आणि मग उठला नाही.

मी रक्त थुंकले आणि काम पुरं केलं. अर्धे पुढे, नवे मागे. सून एका हातानं भुवईवर फडकं दाबून दुसऱ्या हातानं मला नट देत होती. समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले, गाडी खाली घेतली. मग त्याच्या खिशातून किल्ली काढली.

“तिला चालवता येत नाही,” तो दात ओठ खात म्हणाला.

“येते. तू कामाला गेलास की मी शिकवायचे.”

सुनेच्या हातात किल्ली ठेवली.

“आधी भुवई दाखव कुठेतरी, मग बहिणीकडे जा. टायर कोरे आहेत, थोडे दिवस घसरतील. ब्रेक एकदम मारू नकोस.”

“आई, तुम्ही पण चला.”

“याला कोण बघणार? माझाच आहे ना.”

गाडी वळली. मागच्या काचेतून नात बघत होती, हात कानांवर नव्हते. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

“मी पोलिसात जाणार,” मुलगा जमिनीवरून म्हणाला. “सांगणार, आईनं हात मोडला.”

“सांग. मी सोबत येते. आधी दवाखाना, मग पोलीस. तुझं सांगून झालं की मी सांगेन, तिच्या गळ्यापासून.”

त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा वाकडा झाला.

“आई, दुखतंय गं.”

वाटलं, खाली बसावं आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यावं.

“दुखतंच,” मी म्हणाले, आणि त्याचा चांगला हात धरून त्याला उठवलं.