आतली कड

"मामा, यातला आपला कोणता, सांगा बरं."

शेठनी टेबलावर पंपाच्या दांड्यावर बसणारे, आखूड नळीसारखे दोन पितळी बुश ठेवले. कोंडाजीने हात पुसले. सातपूरच्या या वर्कशॉपात लेथवर उभं राहून त्याला वीस वर्षं झाली होती. दोन्हींच्या आतून त्याने अंगठा फिरवला. एकाची कड टोचली. दुसऱ्याची मऊ होती. बसवणाऱ्याचं बोट कापू नये म्हणून घासलेली. ड्रॉइंगमध्ये असं काही नसे. ती कोंडाजीची सवय होती.

"ह्यो आपला." त्याने मऊ कडेचा पुढे केला.

"तो नांदगावच्या नव्या कारखान्याचा."

कोंडाजीने टोचणारा बुश पुन्हा चाचपला. मग त्याला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी शेठनीच सांगितलं होतं, कड घासणं बंद, वेळ जातो. आणि कड घासायला त्याने ज्याला हात धरून शिकवलं होतं, तो नांदगावचाच वाल्मीक गेल्या दिवाळीत गावी परत गेला होता.

"पंप कंपनीनं ऑर्डर त्यांना दिली," शेठ म्हणाले. "आपल्याला नुसतं पितळ आणि मजुरी ज्या भावात पडते, त्या भावात ते तयार माल देतात."

"चोरीचं पितळ हाय का काय?"

"नाही हो. तालुका मागास, म्हणून सरकार मशीनवर सबसिडी देतं. विक्रीकरही माफ. आपण भरतो, ते भरत नाहीत. एवढाच फरक."

"मंग आपुन बी मागास होऊ की!"

शेठ हसले नाहीत. "तेच करतोय. तिकडे शेड घेतलीय."

"लय झ्याक! लेथ कधी हलवायचा? मी बी येतो."

"सबसिडी नव्या मशीनलाच आहे, मामा." शेठ खिडकीबाहेर बघू लागले. "आणि माणसं तिथलीच घ्यावी लागतात."

महिनाअखेरीस भंगारवाल्याचा ट्रक आला. चार हमालांनी लेथ चढवला. ऑर्डर गेल्यामुळे पडून राहिलेल्या बुशांचं एक खोकं तेवढं खाली होतं. शेठ बघायला आले, तर कोंडाजी जमिनीवर बसून कानस चालवत होता. घासलेले बुश डावीकडे, राहिलेले उजवीकडे.

"मामा, राहू द्या. हे वितळवायला चाललेत."

"भंगारवाल्याला बी बोटं असत्यात, शेठ," कोंडाजी म्हणाला आणि त्याने उजवीकडचा पुढचा बुश उचलला.