मावशीचा तिसरा पाय

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या ताईकडे एक कोळीण होती. कोळीण म्हणजे घराच्या कोपऱ्यात जाळं विणणारी चिमुरडी नव्हे बरं का. टॅरंटुला! तळहाताएवढी, तपकिरी, अंगभर लव. अकरा वर्षं ती ताईच्या खोलीत काचेच्या पेटीत राहत होती. शेजारीण म्हणायची, "घरात माणूस नाही म्हणून किडा पाळलाय." ताई म्हणायची, "माणूस होता तेव्हा काय उजेड पडला होता?"

कोळिणीचं नाव मावशी. हे नाव धाकट्या भावानं ठेवलं. "कोपऱ्यात बसते, कुणाशी बोलत नाही, जेवायला मात्र वेळेवर हजर. मावशीच की ही!" असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला होता. धाकट्याचं सलून होतं, ताईच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून, आणि जीभ कात्रीपेक्षा जास्त चालायची. पण ताईचा जीव की प्राण. आईवडील गेल्यावर तिनंच त्याला वाढवला होता.

दीड वर्षापूर्वी ताईच्या हातून घडू नये ते घडलं. पेटीचं झाकण लावताना तिचं लक्ष फोनकडे होतं. मावशीचा डावीकडचा तिसरा पाय झाकणाखाली सापडला आणि अर्ध्यावर तुटला. निळसर पाणी वाहायला लागलं. कोळ्याचं रक्त तसंच असतं. ताईनं पहिला फोन केला तो धाकट्याला. तो गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून धावत आला, दोन तास टॉर्च धरून बसला. ताईनं जखमेवर कॉर्नफ्लोअर दाबलं, तेव्हा कुठे रक्त थांबलं. "ताई, मी कुणाला सांगणार नाही हं," तो जाताना म्हणाला. ते वाक्य ती कधी विसरली नाही.

तेव्हापासून ताईनं कोळ्यांचं मिळेल ते वाचून काढलं. मांजर कुरवाळून घेतं, कोळिणीला माणसाचा हात म्हणजे संकट. तिला ना लाड कळतात ना प्रेम. तिला हवा असतो काळोख, खोल माती, वाटीभर पाणी आणि शांतता. घाबरली की मागच्या पायांनी पोटावरची लव झाडते. आणि उंची तर वैऱ्यालाही नको. तिचं पोट म्हणजे पातळ कातडीची पाण्याची पिशवी, टेबलावरून पडली तरी फुटते. हे सगळं वाचता वाचता ताईला एक गोष्ट सापडली, आणि तिनं ती मनाशी घट्ट धरून ठेवली. कात टाकली की तुटलेला पाय परत येतो. मावशीनं एकदा कात टाकू दे, पाय येऊ दे, म्हणजे आपण सुटलो, असं तिला वाटायचं. ती रोज सकाळी कामावर जायच्या आधी पेटीत डोकावायची आणि रोज तो थोटा पाय बघून निघायची.

मग दुकानाच्या मालकानं नवं यंत्र घेतलं आणि ते शिकायला ताईला महिनाभर दुसऱ्या गावी पाठवलं. तिनं किल्ली धाकट्याच्या हातात दिली आणि पेटीवर कागद चिकटवला. पाणी बदलायचं. आठवड्याला एक रातकिडा, न खाल्ल्यास काढून घ्यायचा. उताणी पडली तर मेली नाही, कात टाकतेय, हात लावायचा नाही. कात जपून डबीत ठेवायची. आणि खाली लाल अक्षरांत: बाहेर काढायची नाही, काहीही झालं तर कॉर्नफ्लोअर लाव आणि मला फोन कर, कितीही वाजले असू देत. कॉर्नफ्लोअरचं नवंकोरं पाकीट तिनं पेटीशेजारी ठेवलं.

"अगं, किती ते!" धाकटा म्हणाला. "तुझी मावशी ती माझी मावशी. तू बिनघोर जा."

विसाव्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, आधी खाली बस. मावशीनं कात टाकली! पाय आला, अख्खा!" ताई त्या नव्या यंत्रापुढे, चार परक्या माणसांदेखत, ओक्साबोक्शी रडली. संध्याकाळी बाजारात जाऊन तिनं भावासाठी शर्ट घेतला, निळ्या रेघांचा, त्याला आवडतो तसा.

महिना संपला. घरी आल्यावर ताईनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, आधी पेटीपाशी गेली. खरंच की! आठ पाय. तिनं कामाचं भिंग काढलं आणि काचेला डोळा लावला. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली. नवा आलेला पाय पहिल्या खेपेला बारीक असतो, फिकट असतो. हा पाय बाकीच्या सातांइतकाच जाड होता. केसाएवढा फरक ओळखून पोट भरणारी बाई ती, तिला काय डोळे नव्हते? पण तिनं स्वतःलाच दटावलं. शुभ बोल नाऱ्या!

पाणी बदलायला तिनं झाकण उचललं मात्र, कोळीण तीरासारखी कोपऱ्यात पळाली आणि लव झाडू लागली. अकरा वर्षांत मावशीनं ताईला पाहून कधी लव झाडली नव्हती. ताईनं डबी उघडली. डबी रिकामी होती.

कात गिऱ्हाइकांना दाखवायला सलूनमध्ये नेली असेल, विचारू, असं म्हणत ती शर्ट घेऊन निघाली. धाकटा एका म्हाताऱ्या मास्तरांची दाढी करत होता. ताईला बघून त्याचा चेहरा फुलला. "आलीस? बघितलास पाय?"

"बघितला. कात कुठाय रे?"

"कात होय... केरात गेली बहुतेक."

साबणानं माखलेले मास्तर आरशातून बघत होते. ते आपले सहज म्हणाले, "म्हणजे त्या कोळिणीच्या मालकीणबाई तुम्हीच का? फार वाईट झालं हो. यानं इथे आणली, हातावर घेऊन सगळ्यांना दाखवली, माझ्यापुढेच सटकली खाली. फरशीवर! मी म्हटलं होतं याला, बाईंना कळव म्हणून."

धाकट्याच्या हातातला वस्तरा थांबला.

"कधी?" ताईनं विचारलं.

"तू गेल्यावर... दहाव्या दिवशी." तो वस्तरा पुसायला लागला, उगाचच. "ताई, मी मुद्दाम केलं का? गिऱ्हाइकं मागे लागली होती. मग मी पार शहरभर हिंडून हुबेहूब तशीच आणली. तुला वाईट वाटू नये म्हणून."

"लगेच गेली?"

तो मास्तरांच्या गालावर पुन्हा साबण फासायला लागला.

"मी विचारतेय, लगेच गेली का?"

"नाही. हलत होती. खोक्यात ठेवली होती मी. दुकान बंद करेपर्यंत... हलत होती."

"फोन?"

"तू ओरडली असतीस, ताई!"

मावशी मेली याचं दुःख ताईच्या पोटात होतंच, पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी चढून बसलं होतं. पाय आला! हे त्याला सुचलं कसं? दीड वर्ष ती कशासाठी झुरतेय, हे जगात एकट्या त्याला माहीत होतं. शेजारणीनं फसवलं असतं तर तिनं शिव्या घातल्या असत्या आणि विसरली असती. यानं नेमकी तीच जागा शोधून तिथेच खोटं लावलं होतं, आणि त्या खोट्यावर ती चार माणसांत रडली होती, वर शर्ट घेऊन आली होती.

"मास्तरांची दाढी पुरी कर," ती म्हणाली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"ताई, एका किड्यापायी माझ्याकडून किल्ली घेतेस?"

"माझ्या हातून तिचा पाय तुटला तेव्हा मी पहिला फोन तुला केला होता," ताई म्हणाली. "मलाही वाटलं होतं, तू ओरडशील."

त्यानं किल्ली दिली. शर्टाची पिशवी तिनं परत नेली नाही, तिथेच खुर्चीवर ठेवली.

घरी येऊन तिनं कॉर्नफ्लोअरचं पाकीट उचललं. त्याचं तोंड फोडलेलंसुद्धा नव्हतं. ते हातात धरून ती जमिनीवर बसली आणि मावशीसाठी पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

आतली परकी कोळीण अजून कोपऱ्यात अंग चोरून होती. तिनं काय कुणाचं घोडं मारलं होतं? ताईनं डोळे पुसले, पेटीवर काळं फडकं टाकलं, जुना कागद काढला आणि नवा चिकटवला. त्यावर एकच ओळ होती, आणि ती कुणी वाचायला येणार नव्हतं: नवीन आहे, घाबरली आहे, हात लावू नये.