लग्नाआधी घरावर नाव

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा छू ग्वेझीने जावयाकडे ना सोनं मागितलं, ना गाडी. तिला एकच गोष्ट हवी होती: त्याच्या घराच्या कागदावर मुलीचं नाव, आणि तेही लग्नाआधी. चीनमध्ये, तिच्या शुचौ गावात बायकांना यात काही वावगं वाटत नाही. उलट जी मागत नाही तिलाच त्या खुळी म्हणतात. ग्वेझी स्वतः एकदा खुळी ठरली होती. नवऱ्याने दुसरी बाई आणली, तेव्हा तिला कळलं की ज्या घराच्या फरश्या आपण इतकी वर्षं पुसल्या ते सासूच्या नावावर आहे. चिमुरड्या रुओलानचा हात धरून ती बाहेर पडली आणि भर बाजारात उभी राहिली. तो दिवस ती कधी विसरली नाही, आणि दुसऱ्या कोणाला विसरूही दिला नाही.

म्हणून अमेरिकेत, फ्लोरिडात पाऊल ठेवल्यापासून ती होणाऱ्या जावयाच्या, वेस्लीच्या मागे लागली होती. वेस्ली फान इथेच जन्मलेला, शाळेत गणित शिकवणारा, स्वभावाने अगदी गरीब गाय. रुओलान इथे शिकायला आलेली, अजून विद्यार्थ्यांच्याच व्हिसावर.

"आई, मला मान खाली घालायला लावतेस तू," रुओलान कुरकुरायची.

"घाल की. मान खाली घातल्याने कोणी रस्त्यावर येत नाही," ग्वेझी म्हणायची. "नाव नाही तर लग्न नाही."

एका दुपारी वेस्ली हसत घरात आला आणि कागद तिच्यासमोर ठेवला. "मावशी, झालं. अर्धं घर तिचं." वकील नाही, दलाल नाही, पठ्ठ्याने आपला आपणच फॉर्म भरून शिक्का मारून आणला होता. रुओलान रडली, ग्वेझीही रडली. मग ग्वेझीने कागदाचा फोटो काढून दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आता मिरवायचं नाही तर कधी मिरवायचं? शुचौपासून ऑकलंडपर्यंत सगळ्यांनी अंगठे उंचावले.

वेस्लीची आत्या शूफेन मात्र गप्प राहिली. घरं विकून देण्याचा तिचा धंदा. रविवारी सकाळी ग्वेझी जेवणासाठी डंपलिंगच्या पाऱ्या लाटत होती, तेव्हा आत्या बूट न काढताच थेट स्वयंपाकघरात आली. ग्वेझीच्या हातातलं लाटणं तिथेच थांबलं. चांगली बातमी घेऊन येणारं माणूस बूट काढून येतं.

"हे कोणाच्या डोक्यातून निघालं?" आत्याने फोन पुढे केला.

"प्रेमातून निघालं, आत्या," वेस्ली म्हणाला.

"मग ते प्रेम आता तुरुंगात जाऊन कर."

वेस्लीला वाटलं ती थट्टा करतेय. आत्या खुर्चीवर बसली आणि त्याच्याकडे न बघता रुओलानला सांगू लागली. "चीनहून आलेलं माणूस, इथे कायम राहायचा परवाना नाही, आणि घर लष्करी तळापासून पाच मैलांच्या आत. त्याला ते घेता येत नाही, बाळा. विकत नाही, बक्षीस म्हणूनही नाही. घेतलं की फौजदारी गुन्हा. राज्याचा कायदाच आहे."

"तो मोठमोठ्या कंपन्यांसाठी आहे ना?" वेस्ली पुटपुटला.

"कंपन्यांसाठी! आणि ही रोज तुझ्या डोक्यावरून घरघरत जातात ती लष्करी विमानं काय पतंग आहेत?"

कोणीच हसलं नाही. रुओलानने आत्याचा फोन घेऊन फोटोतलं आपलं नाव पुन्हा वाचलं. ग्वेझीला शब्द न् शब्द ऐकू आला होता, पण अर्थ काही डोक्यात शिरेना. घरावर नाव नाही म्हणून बाई रस्त्यावर येते, हे तिने भोगलं होतं. घरावर नाव आहे म्हणून बाई गुन्हेगार होते, हे तिच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं. पिठाचे हात तिने तसेच तोंडावर धरले.

सोमवारी आत्या सगळ्यांना आपल्या ओळखीच्या वकीलबाईंकडे घेऊन गेली. बाई तैवानच्या, चिनीतूनच बोलणाऱ्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"नाव काढता येईल, आणि आजच काढा," त्या म्हणाल्या. "पण एकदा लागलं होतं, ही नोंद राहणार. पुढे कायमच्या परवान्याचा अर्ज कराल, त्यात विचारतात: पकडले गेला नसाल, तरी कधी गुन्हा केला आहे का? तिथे काय लिहायचं, ते अवघड आहे. खोटं लिहाल तर आणखी अडकाल."

"म्हणजे मला परत पाठवतील?" रुओलानने विचारलं.

"पाठवतीलच असं नाही. पाठवणार नाहीत असंही मी सांगू शकत नाही."

"आणि नाव लग्नानंतर घातलं असतं तर?" वेस्लीने विचारलं.

"लग्नामुळे मिळणारा परवाना हातात आल्यावर? मग कोणी हूं की चूं केलं नसतं."

तेव्हा खोलीतल्या कोणीही ग्वेझीकडे पाहिलं नाही. त्यापेक्षा त्यांनी तिला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"घाई मी केली," ती म्हणाली. "पोरीने एकदासुद्धा मागितलं नव्हतं. काय लिहायचं ते माझ्या नावाने लिहा. मला धरा."

"कायद्यात आयांसाठी कलम नाही, मावशी," वकीलबाई हळूच म्हणाल्या आणि कागद रुओलानपुढे सरकवला. त्यातलं एक वाक्य त्यांनी चिनीत वाचून दाखवलं. या घरावरचा माझा सगळा हक्क मी सोडून देत आहे.

रुओलानने पेन उचललं आणि ते हातात तसंच धरून ठेवलं. मग लहानपणी बघायची तसं तिने आईकडे पाहिलं. नाव नसलेल्या घरात माझी पोर कधी राहणार नाही, ही शपथ ग्वेझीने त्या बाजारात उभं राहून घेतली होती, हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं.

"कर," ग्वेझी म्हणाली.

एसीच्या वाऱ्याने कागद टेबलावर फडफडत होता. ग्वेझी पुढे झाली, आणि मुलीची सही पुरी होईपर्यंत तिने त्याचा कोपरा बोटाने दाबून धरला.